खरी धाप

"मला वेड लागलेलं नाही," खुर्चीत बसायच्या आधीच मी सांगून टाकलं.

समोरच्या बाई तिशीच्या असतील. देशिंगकर मॅडम. खोलीत ना पलंग, ना भिंतीवर मेंदूचं चित्र. एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मलाही तसं वाटत नाही. बसा."

रस्ताभर मी भांडणाची तयारी करत आले होते. बाईंनी पहिल्याच वाक्यात ते भांडण काढून घेतलं, त्यामुळं माझा पारा आणखीच चढला.

मी तेव्हा मिरजेच्या एसटी स्टँडवर नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची घोषणा करायची, ड्रायव्हर-कंडक्टरांच्या नोंदी बघायच्या. दमा मला पंचविशीपासून. पण पंचेचाळिशी आली तसा तो माझ्यापेक्षा मोठा झाला. माईक हातात घेतला की छाती आवळायची. तासगाव, विटा, मायणी, दहिवडीमार्गे फलटण असं म्हणायचं असलं, की विट्यापर्यंत यायचं आणि आवाज बंद. मग फलटणची माणसं केबिनच्या काचेवर टकटक करून विचारणार, बाई, गाडी विट्याच्या पुढं जाते का नाही? शेवटी साहेबांनी मला माईकवरून काढून आतल्या टेबलावर बसवलं. जिना चढणं मी त्याआधीच सोडलं होतं. लग्नाकार्यांना जाणंही सोडलं होतं. पंप पर्समध्ये, उशीखाली, स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या कोनाड्यात. त्या एका वर्षात आमच्या ह्यांनी मला कितीदा रिक्षात घालून दवाखान्यात पळवलं त्याला गणती नाही. दर वेळी तिथले डॉक्टर छातीला नळी लावून म्हणायचे, आत्ता तर काही आवाज नाही.

छातीचे डॉक्टर खोत. बोलायला तुटक, पण माणूस सरळ. त्यांनी एक दिवस पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, "बाई, तुमचा दमा खरा आहे. फुप्फुसांचाच आहे. पण त्याची भीती आता दम्यापेक्षा मोठी झालीय आणि भीतीवर माझ्याकडं पंप नाही." आणि चिठ्ठीवर देशिंगकर मॅडमचा पत्ता लिहून दिला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता हे म्हणाले, "बघ, मनाचंच आहे म्हणाले डॉक्टर."

असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पण ह्यांना ऐकू आलं ते तेवढंच.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे, दिगंबर सावर्डेकर, पाटबंधारे खात्यात. वीस वर्षं माझा दमा ह्यांनीच सांभाळला. तो माझ्या छातीत होता, पण त्याचे सगळे निर्णय ह्यांच्याकडं. दही बंद. केळी, पेरू, सीताफळ बंद. पंखा एकवर. उदबत्ती देवासाठी गॅलरीत लावायची, म्हणजे देवानं तिकडं जाऊन वास घ्यायचा. कुणी सेंट मारून घरी आलं तर हे त्याला दारातच गप्पा मारायला थांबवायचे. मी नुसती खोकले तरी बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "पंप घेतलास?" माझ्यावर माया होती, हे मी नाकारत नाही. पण त्या मायेतसुद्धा जीव गुदमरायचा.

मॅडमकडं मी जायला लागले ती खोतांच्या शब्दाखातर. पहिले दोन-तीन आठवडे त्या फक्त विचारत राहिल्या. धाप लागते तेव्हा आधी काय होतं, मग काय होतं, हातांना काय वाटतं, ओठांना काय वाटतं, श्वास आत घेताना अडकतो की बाहेर सोडताना. मी म्हटलं, अहो, जीव चाललेला असताना माणूस ओठांकडं बघत बसतं का? त्यावर त्या म्हणाल्या, "मग आपण जीव चाललेला नसताना बघू."

आणि खोतांना फोनवर विचारून, माझा पंप टेबलावर समोर ठेवून, त्यांनी मला खुर्चीत बसल्या बसल्या भराभर, खोल श्वास घ्यायला लावले. जरा वेळातच बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं, छातीवर कुणी पाय ठेवावा तसं झालं. मला वाटलं, झालं, लागली धाप. हात पंपाकडं गेला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, आता फक्त सावकाश सोडा. तोंडानं, शीळ घालतात तसा ओठांचा चंबू करून. मी सोडत राहिले. आणि ते सगळं, मुंग्या, बधिरपणा, छातीवरचा पाय, जसं आलं तसं ओसरलं. पंपाला हात न लावता.

मी इतकी चिडले की विचारू नका. म्हटलं, तुम्ही मला इथं बोलावून मुद्दाम धाप लावलीत? आणि वर हे दाखवलंत की मी वीस वर्षं नाटक केलं?

"नाटक कसं? त्रास खराच होता. आत्ताही झाला ना?" त्या म्हणाल्या. "पण ही एक धाप झाली. दुसरीही तुमच्याकडं आहे, दम्याची, आणि ती श्वास मोजून जात नाही. दोघी एकमेकींसारखे कपडे घालून येतात, म्हणून तुम्ही दोघींनाही एकच समजता. आपल्याला त्यांचे चेहरे ओळखायचेत. एवढंच काम आहे."

एवढंच काम म्हणे. त्या एवढ्याशा कामाला पावसाळा आणि हिवाळा गेला. आधी स्टँडच्या कार्यालयाचा जिना अर्धा चढायचा, थांबायचं, जे वाटेल ते वाटू द्यायचं, पळायचं नाही. मग पूर्ण चढायचा. मग रिकाम्या केबिनमध्ये बंद माईकसमोर गाड्या पुकारायच्या. मी स्वतःशी बडबडताना दिसले की कंडक्टर मंडळी एकमेकांना कोपर मारायची. सकाळ-संध्याकाळचा साधा पंप मात्र एक दिवसही चुकवायचा नाही, हे मॅडमचं पालुपद. भीती कमी झाली म्हणून औषध कमी झालं असं होत नाही, असं त्या खोतांपेक्षा जास्त वेळा म्हणाल्या असतील. आणि हळूहळू खरंच चेहरे दिसायला लागले. भीतीची धाप आत येताना अडखळायची, बोटांना मुंग्या आणायची, डोक्यात गोंगाट करायची. दम्याची धाप गोंगाट करत नसे. ती बाहेर जाणारा श्वास अडवायची आणि छातीत बारीक शिट्टी वाजवायची.

फेब्रुवारीत एका सकाळी साहेबांनी माईक माझ्यापुढं सरकवला आणि मी फलटणची गाडी थेट फलटणपर्यंत नेली. मधल्या सगळ्या गावांसकट. बाहेर कुणाला त्याचं काही नव्हतं, माणसं आपापल्या पिशव्या उचलून चालू लागली. मी केबिनमध्ये चहा मागवला.

एवढं झाल्यावर सुखानं बसावं की नाही? पण घरी वेगळंच सुरू झालं होतं. "मनाचंच आहे" ही बातमी ह्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला सांगितली. वन्संना सांगितलं म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड तिन्हीकडं कळलं. ज्या घरात वीस वर्षं दही आलं नव्हतं तिथं माझ्या ताटात वाटीभर दही यायला लागलं. हे प्रेमानं म्हणायचे, खा गं, आता काय होतंय. पंखा पाचवर. वन्सं उदबत्त्यांचा पुडा घेऊन आल्या आणि घरभर लावून गेल्या. खरोखरच शिंका आल्या, छाती भरली, तर हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचे, "श्वास मोज." मी सांगून थकले की दमा गेलेला नाही, तो आहे तिथंच आहे, मी फक्त त्याला ओळखायला शिकतेय. मॅडमनी ह्यांना एकदा बोलावून तेच समजावलं. ह्यांनी मान डोलावली आणि येताना रिक्षात म्हणाले, बाई हुशार आहेत, किती सोपं करून सांगितलं, सावकाश सोडायचा श्वास, बस. आधी मला कुणी काही करू देत नव्हतं. आता मला काही होऊ देत नव्हतं. भिंतीवर डोकं आपटावं की काय करावं मला कळेना.

एप्रिलमध्ये वन्संच्या ऋतुजाचं लग्न निघालं. कार्यालय कवठे महांकाळच्या पुढं, जत रस्त्याला, शेतांच्या मधोमध. कितीतरी वर्षांनी मी एखाद्या लग्नाला अख्खा दिवस जाणार होते. हिरवी पैठणी काढली. दोन-तीन दिवस सर्दी होती, पण सर्दी म्हणून न जाणं हे मागच्या आयुष्यातलं झालं असं मला वाटत होतं.

कार्यालयाला नुकताच रंग दिलेला. सकाळपासून ग्रहमखाचा होम चाललेला, धूर वर जायला जागा नसल्यानं सभागृहात फिरत होता. नवरीच्या खोलीत पार्लरवाली केसांवर फवारे मारत होती. मी तिथं ऋतुजाच्या हिरव्या बांगड्या भरायला बसले आणि खोकला सुरू झाला. आधी कोरडा. मग थांबेना.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि शिकल्याप्रमाणे केलं. ओठांचा चंबू, सावकाश सोडणं. सोडायला गेले तर श्वास जाईना. बोटांकडं लक्ष दिलं. मुंग्या नव्हत्या. ओठ बधिर नव्हते. डोक्यात गोंगाट नव्हता, उलट सगळं फार स्पष्ट दिसत होतं, ऋतुजाच्या मुंडावळीतला एक मोती निसटला होता तोसुद्धा. छातीत बारीक शिट्टी. पंप घेतला, थांबले, पुन्हा घेतला. काही फरक नाही. मी ओळखलं. ही दुसरी.

कुणीतरी ह्यांना बोलावलं. हे आले फेटा बांधून, हातात अक्षता. माझ्यापुढं गुडघ्यावर बसले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"घाबरू नको. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. माझ्याबरोबर कर."

मी मान हलवली. "नाही," म्हटलं. मग श्वास घेतला. "ही." पुन्हा श्वास. "खरी."

"तुला दर वेळी तसंच वाटतं, हेमा," हे अगदी मृदूपणे म्हणाले. "मॅडम काय म्हणाल्या होत्या? पळायचं नाही. चल, एक, दोन."

मी "गाडी" म्हणाले. हे "तीन, चार" म्हणाले.

दारात वन्सं आल्या. त्यांचा चेहरा घामेजलेला, एका हातात अंतरपाट. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आत्ता नको गं हेमा. मुहूर्त आलाय. दहा मिनिटं दम धर." मग ह्यांना मामा म्हणून उभं राहायला बोलावलं, कारण नवरीला मांडवात मामानं आणायचं असतं. हे उठले. जाताना म्हणाले, मोजत राहा, आलोच मी.

त्या क्षणी मला जे वाटलं ती भीती नव्हती. मला संताप आला. इतका थंड संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. वीस वर्षं ह्या लोकांनी मला दम्याची धाप नसताना उचलून पळवलं होतं आणि आज मी मोजून चार शब्द बोलले होते तर ते कुणाला खरे वाटत नव्हते. त्यांना पटवायला वाक्य लागणार होतं आणि वाक्याएवढा श्वास माझ्याकडं नव्हता. मग मी विचार केला, आहे तेवढा श्वास पटवण्यात घालवायचा की चालण्यात?

मी उठले. सभागृहात मंगलाष्टकं सुरू झाली होती. सगळे पुढं तोंड करून उभे. मी मागच्या दारानं बाहेर आले. तिथं आचाऱ्याचा टेम्पो उभा होता, ड्रायव्हर मठ्ठ्याचं पिंप उतरवायच्या बेतात होता. चाळिशीचा गडी, गळ्यात टॉवेल. मी टेम्पोच्या दाराला धरलं आणि "दवाखाना" म्हटलं. त्यानं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं. मला तो ओळखत नव्हता. माझ्या मनाबद्दल, भीतीबद्दल, मॅडमबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं पिंप होतं तिथंच ठेवलं, मला पुढच्या सीटवर चढवलं आणि गाडी चालू केली.

फाटकातून वळताना मागं आरडाओरडा ऐकू आला. नवरीला मांडवात पोचवून हे खोलीत परतले असावेत आणि खुर्ची रिकामी दिसली असावी. फेटा सुटलेला, धोतराचा सोगा हातात, असे हे टेम्पोमागं धावत होते. ड्रायव्हरनं वेग कमी केला तसे हे मागच्या फळीवर चढले. कवठ्यापर्यंत मठ्ठ्याच्या पिंपाला मिठी मारून बसले होते.

कवठ्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि तशीच ठेवून कंपाउंडरला हाका मारायला सुरुवात केली. मास्क, वाफ, इंजेक्शन, ऑक्सिजन, सगळं एकदम. संध्याकाळी मला अँब्युलन्सनं मिरजेला आणलं. खोत येऊन बघून गेले. माझ्याशी काही बोलले नाहीत. ह्यांना बाहेर नेऊन मात्र बोलले. हे आत आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ताकाचे डाग वाळले होते आणि ते काही केल्या माझ्याकडं बघेनात. मीही त्यांच्याशी बोलले नाही. श्वास आला होता, पण त्यांच्यावर खर्च करावासा वाटेना.

बरी झाल्यावर मी ह्यांना घेऊन मॅडमकडं गेले, आणि गेले ती भांडायलाच. म्हटलं, तुमच्यामुळं मी मेले असते. तुमच्याकडं यायला लागल्यापासून माझा दमा कुणाला खरा वाटत नाही. आधी निदान रिक्षा तरी मिळायची.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. स्वतःची बाजू मांडली नाही. घरच्यांना आणखी नीट समजवायला हवं होतं, ती आपली चूक, असं सरळ म्हणाल्या. मग विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं, ही खरी म्हणून?"

मी सांगायला लागले. बोटांना मुंग्या नव्हत्या. श्वास बाहेर जाईना. पंपानं उतार नाही. डोकं शांत होतं. मग उठले, चालले, टेम्पो पाहिला. सांगता सांगता मी अडखळले, आणि ती धाप नव्हती. इतक्या वर्षांत मी दवाखान्यात रडत, ओरडत, ह्यांच्या दंडाला नखं रुतवत गेले होते, आणि दर वेळी परत पाठवली गेले होते. ह्या एका वेळी माझं ऐकणारं कुणी नव्हतं, तर मी माझं ऐकलं होतं. मॅडमनी मला दमा मनाचा आहे असं एकदाही शिकवलं नव्हतं. दमा माझा आहे, एवढंच त्या हिवाळाभर शिकवत होत्या.

हे खिडकीतल्या कुंडीकडं बघत म्हणाले, "मला आता काही कळत नाही. कधी धावायचं आणि कधी गप्प बसायचं. आधी धावलो तरी चूक, आता नाही धावलो तरी चूक."

"मला विचारायचं," मी म्हटलं.

"आणि तू सांगशील ते?"

"तेच."

माणूस सुधारायला वेळ लागतो. पण तेव्हापासून मी खोकले की हे फक्त "कुठली?" एवढं विचारतात. मी "साधी" म्हटलं की पेपर वाचायला लागतात, "दुसरी" म्हटलं की चपला घालतात. तशा त्यानंतर दोनदा घातल्या.

वन्सं मात्र रुसल्या त्या रुसल्याच. मुहूर्तावर उठून निघून गेली, पाहुण्यांत शोभा झाली, भाऊ अर्ध्या लग्नातून गेला, हे त्या वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. पाठ फिरवून ताडताड गेली, असं वर्णन असायचं. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

गेल्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो. ऋतुजाची मुलगी आता शाळेत जाते, तिला आईचं लग्न बघायचं होतं. जावयानं जुनं शूटिंग टीव्हीवर लावलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं, बघायची इच्छाही नव्हती. मंगलाष्टकं सुरू झाली आणि कॅमेरा नवरा-नवरीवरून पाहुण्यांवर फिरला. मागच्या बाजूला हिरवी पैठणी दिसली.

माझ्या आठवणीत मी झपाझप चालत होते. पडद्यावरची बाई एका खुर्चीची पाठ धरत होती, थांबत होती, खांदे वर जात होते, मग पुढची खुर्ची धरत होती. तिच्या केसांवर अक्षता पडत होत्या. एका माणसानं वळून पाहिलं, तिला जागा करून दिली आणि पुन्हा पुढं तोंड केलं. तिच्यापासून हातभर अंतरावर वन्सं उभ्या होत्या, अक्षतांची मूठ उगारून, हसऱ्या तोंडानं नवरीकडं बघत.

वन्संनी जावयाच्या हातातून रिमोट घेतला, चित्र मागं नेलं आणि पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

"मी तिथंच होते," त्या म्हणाल्या.

ह्यांनी मान खाली घातली. मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. इतक्या वर्षांनी आता कुणी कळवळावं अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि पोर शूटिंगमधल्या पंगतीची वाट बघत होती. मी म्हटलं, "वन्सं, पुढं लावा. जिलब्या बघायच्यात तिला."

पण वन्संनी पुढं लावलं नाही. पडद्यावरची मी खुर्ची-खुर्ची करत दारापर्यंत पोचून बाहेर पडेपर्यंत त्या रिमोट छातीशी धरून बघत राहिल्या.